येतो म्हणून उभे राहिलेले

४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी उचगावच्या पुढे निलजकरांच्या घरी पोहोचलो. प्रवास सुखाचा झाला. निपाणीच्या स्टँडवरच खिडकीची जागा मिळाली. संकेश्वरपर्यंत दोन्हीकडे ऊस आणि रस्ता अडवून चाललेले ट्रॅक्टर. बेळगावला बस बदलली. रंगांचे डबे आडवे होऊ नयेत म्हणून पिशवी सगळा वेळ दोन पायांत धरून बसलो होतो. एकाही डब्याचे झाकण उचकटले नाही.

घर जुनाट असेल असे वाटले होते. पण चांगले स्लॅबचे, पिस्ता रंगाचे आहे. अंगणात काजूची झाडे. फक्त पुढची ओसरी आणि तिला लागलेली एक खोली जुनी. ती तशीच ठेवून मागे नवे घर जोडले आहे. माझे काम त्याच खोलीत आहे आणि झोपायचेही तिथेच.

या घरातले मष्णूराव निलजकर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात नौदलात अधिकारी होते. चार डिसेंबरला नौदल दिन. त्या दिवशी या खोलीत त्यांचे स्मृतिदालन उघडायचे आहे. भिंतीवर त्यांचे फोटो लावले आहेत. प्रत्येक फोटोखाली रंगाने ओळी लिहायच्या, वर कन्नड, खाली मराठी. फ्लेक्स आल्यापासून हाताने अक्षर काढणाऱ्याला कोणी विचारत नाही. मला विचारले, याचाच आनंद फार झाला.

घरात दोघेच राहतात. जयाबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, पोस्टातून निवृत्त झाल्या. मष्णूराव त्यांचे चुलत आजोबा. दुसरे विक्रम अण्णा, त्यांचे भाचे, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असतात. त्यांची पत्नी आणि मुलगी ऋतिका खानापूरला आजोळी असतात असे कळले.

मी दिवस मावळल्यावर जेवत नाही आणि कांदा-बटाटा खात नाही हे परक्या घरी सांगायची मला लाज वाटते. जयाबाईंनी आधीच विचारले. म्हणाल्या, "पोस्टात हुते तवा चिकोडीत जैन बसदीच्या गल्लीतच ऱ्हायलेय. मला काय नवीन न्हाय ते. उन्हं हायेत तंवर ताट वाढते." किती चांगली माणसे.

घरी थोरल्या बहिणीला, आक्काला फोन केला. ती म्हणाली, नीट ऱ्हा, उगाच काळजी करत बसू नकोस.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भिंत घासली. भिंतीला खालून वरपर्यंत लोणा धरला आहे. पांढरी मिठासारखी बुरशी खरवडली की पुन्हा दिसते. ओल कुठून येते म्हणून बाहेरून फिरून पाहिले. नळ नाही, मोरी नाही, गटार नाही. विक्रम अण्णा हसून म्हणाले, "दर्यावाल्या आजोबांची खोली हाय, मीठ असणारच की, लेखकराव." ते मला लेखकराव म्हणतात. मी पीयूसी, म्हणजे बारावी, अर्धवट सोडली आहे, पण थट्टा आहे हे कळत असूनही ऐकायला बरे वाटते.

पहिला फोटो. मष्णूराव शिकाऊ म्हणून मुंबईच्या शिक्षण-जहाजावर गेले तेव्हाचा. टोपी मोठी, कान बाहेर. बेळगावातल्या शाळेतले एक मास्तर त्यांना परीक्षेला घेऊन गेले. त्यांच्या आईला हे पसंत नव्हते. समुद्र ओलांडणाऱ्याला घरात घेता येत नाही, असे ती माउली म्हणे. तीन दिवस जेवली नाही. हे जयाबाईंना त्यांच्या वडिलांनी सांगितले. ते मष्णूरावांचे लहानगे पुतणे. काकांबरोबर ओसरीवर खेळलेले.

ओळ लिहिली. 'शिक्षण' मधला क्ष मनासारखा आला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा फोटो विलायतेतला. सोबत सगळे गोरे, मष्णूराव कडेला. तिसरा परत आल्यानंतरचा, बाहीवर सोनेरी पट्टी एकच. तेव्हा ते सब-लेफ्टनंट झाले. जयाबाई सांगतात आणि मी आधी कागदावर कच्चे लिहून घेतो. 'लेफ्टनंट' की 'लेफ्टनन्ट' यावर बराच वेळ गेला. शेवटी अनुस्वार ठेवला.

चौथा फोटो इराणच्या आखातातला. जहाजाच्या कठड्याशी उभे, अंग वाळलेले, डोळे बारीक केलेले. मी विचारले की चौथ्या फोटोतही पट्टी एकच कशी. मधे कितीतरी वर्षे गेली असणार. जयाबाईंनी फोटोची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या की बढती अडली. आखातात एका पहाटे त्यांची पाळी संपली, पण पाळी घेणारा वरचा गोरा अधिकारी आलाच नाही. त्याला उठवायला हे खाली गेले, आणि तेवढ्यात जहाज वाळूला लागले. नुकसान काही फार झाले नाही. पण कागदावर नाव यांचे लागले. बदली माणूस आल्याशिवाय पाळी सोडली. तेव्हापासून ते कायम धाकटेच राहिले.

विक्रम अण्णा जेवता जेवता ऐकत होते. म्हणाले, "आमच्यात बी तसंच हाय. भट्टी पेटलेली असली तर दुसरा गडी येऊन 'हं, घेतली' म्हणंस्तोवर हलायचं न्हाय. मुताय लागलं तरी न्हाय." जयाबाईंनी त्यांना दटावले. मी हसलो.

पुढे जयाबाई म्हणाल्या की रजेवर घरी आले की मष्णूराव पुतण्याशी याचाच खेळ खेळत. पोराने ओसरीवर पहारा करायचा, काकांनी पाळी बदलायची. खेळ सांगताना त्या थांबल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

पांढरा रंग संपला म्हणून बेळगावला गेलो. निघताना जयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी चप्पल घालून "येतो" म्हणालो. त्यांनी मान फिरवली. त्यांना ऐकू आले नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. त्यांनी तांदळात बोटे फिरवली, पण "या" म्हणाल्या नाहीत.

सगळ्या रस्त्याने मन लागले नाही. घरून निघालेल्या माणसाला "या" म्हणत नाहीत म्हणजे काय. माझे काही चुकले का? काल त्यांची कढी मी उरवली, त्याचा राग असेल का?

संध्याकाळी नीट लक्ष ठेवले. विक्रम अण्णा कामावर जाताना "निघालो" एवढेच म्हणाले आणि आतून काही उत्तर आले नाही. दूध घालणारी बाई आली, गेली, काही बोलली नाही. या घरात येतो कोणी म्हणतच नाही. म्हणालाच तर त्याला उत्तर मिळत नाही.

आमच्या निपाणीत तर फोन ठेवतानासुद्धा लोक म्हणतात. आक्का दारात उभी राहून "ये रं" म्हणते, आणि मी वळेपर्यंत उभी असते.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवेलागणीला जयाबाई ओसरीवर पणती ठेवतात. मी खोलीत ब्रश धूत होतो. ओसरीवरून पुरुषाचा आवाज आला. "येतो."

साधा आवाज. मोठा नाही. आज्ञा घेतल्यासारखा.

विक्रम अण्णा निघाले असे समजलो. पण त्यांची दुसरी पाळी आहे आणि मोटरसायकल दुपारपासून अंगणात नाही. बाहेर गेलो. जयाबाई पणतीपाशी बसल्या होत्या. दोन्ही कानांवर पदर घट्ट ओढलेला. कोण आले होते विचारले. म्हणाल्या, "कुणी न्हाय. वारं हाय." वारे नव्हते. पणतीची ज्योत सरळ होती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा तेच. त्याच वेळी. "येतो." थोडे थांबून पुन्हा एकदा, जरा आर्जवाने.

मला वाटते विक्रम अण्णा मोबाइलवर काहीतरी लावून ठेवून थट्टा करतात. आज त्यांना सरळ विचारले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ऐकू आलं व्हय तुम्हांस्नी? बरं झालं." मग लगेच म्हणाले की शेजारच्या मळ्यातला गडी असेल. बरं झालं असे ते का म्हणाले?

लिहिलेल्या ओळींत लोणा फुटतो आहे. 'अधिकारी' मधला धि फुगून गळाला. पुन्हा लिहिला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पाचवा, शेवटचा फोटो. १९३८ चा. याच ओसरीवरचा. मष्णूराव पूर्ण गणवेशात, टोपी काखेत, दाराकडे तोंड. निघण्याच्या दिवशी काढलेला. दारात त्यांची आई. तिचा चेहरा हललेला, पण मिटलेले ओठ स्पष्ट दिसतात.

याच्या खाली काय लिहू विचारले. जयाबाई म्हणाल्या, ही ओळ ऱ्हाऊ द्या. मग ते कसे गेले, कुठे गेले? म्हणाल्या, दर्यात. दुपारी विक्रम अण्णांना वेगळे विचारले. ते म्हणाले, टायफॉइडने, मुंबईच्या दवाखान्यात.

एकाच माणसाला दोन मरणे. मी सावध झालो आहे. या जमिनीत मष्णूरावांचा अर्धा वाटा असणार. ते रजेवर घरी आले आणि परत गेलेच नाहीत असे झाले असेल काय? ओल येते ती खोलीच्या फरशीखालून येते. मी तिथेच अंथरूण घालतो.

आक्काला काही सांगितले नाही. ती घाबरेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी विक्रम अण्णा फोनवर बायकोशी बोलत होते. मी मुद्दाम ऐकले नाही, पण ऐकू आले. ऋतिकाला नौदल दिनापर्यंत आणू म्हणाले. तोवर काम होईल. माणूस तसाच हाय, म्हणाले, सवयीचा.

सवयीचा म्हणजे काय?

मला आठवले. श्रावणात ते निपाणीला माझ्या टपरीवर आले होते. पाटी बघितली, चौकशी केली, निघाले. मी हातातला ब्रश ठेवून रस्त्यापर्यंत गेलो आणि "या" म्हणालो. ते वळून माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा मुद्दाम म्हणाले, "येतो." मी पुन्हा म्हणालो, "या या." मग त्यांनी काम दिले. माझे अक्षर त्यांनी नीट पाहिलेच नव्हते.

उद्या रविवार. काम संपले नसले तरी परवा निघतो. कारण सांगेन आक्का आजारी आहे. खोटे बोलणे बरे नाही, पण सांगेन.

१७ नोव्हेंबर, रविवार

अक्षर वाईट येते आहे.

दिवेलागणीच्या आधी शेवटची कन्नड ओळ पुरी करत होतो. एका जोडाक्षरात अडकलो होतो. सगळे लक्ष ब्रशच्या टोकावर. दाराशी कोणी तरी आले. पायांचा आवाज, ओल्या बुटांचा. आणि अगदी जवळून, कोणी भला माणूस निघताना म्हणतो तसे —

"येतो."

मी मान वर न करता म्हणालो, "या."

तोंडातून गेले. दर वेळी जाते तसेच गेले. कोणी निघाले की मी म्हणतोच.

आत भांडे पडले. ओसरीवर पावले वाजली, पायरी उतरली, अंगणातून रस्त्याकडे गेली. झपाझप. शाळा सुटल्यावर पोर पळते तशी. मी बाहेर धावलो. रस्त्यावर कोणी नव्हते. ओसरीची फरशी ओली होती. बोट लावून जिभेला लावले. खारट.

जयाबाई आल्या. विचारले, कुणाला म्हणालात? मी सांगितले. त्या खाली बसल्या आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. सत्तरीच्या बाईने. मी मागे सरकलो तर त्या रडत म्हणाल्या, "सुटला वं पोरगा. सुटला."

विक्रम अण्णांनी पेढे आणले. दिवस मावळला म्हणून मी खाल्ला नाही. ते मला आप्पा म्हणू लागले आहेत. लेखकराव नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज जयाबाईंनी सगळे सांगितले.

१९३८ साली रजा संपली. मष्णूराव गणवेश घालून ओसरीवर आले आणि आईला "येतो" म्हणाले. तिने ठरवले होते, या म्हणायचेच नाही. या म्हटले नाही तर लेक जाणार कसा. तिने तोंड मिटून घेतले. आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय हलेनात. एकदा बदली माणूस येण्याआधी पाळी सोडली आणि जन्माचे धाकटे झाले. आता परवानगीशिवाय पाऊल उचलायचे नाही हे अंगात भिनले होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारात उभे. आई आत, ते बाहेर. मधूनमधून "येतो" म्हणत होते. संध्याकाळी तिने पणती आणली, तर ओसरीवर कोणी नव्हते. पण आवाज होता.

ते जहाजावर पोहोचले नाहीत. नौदलाचे लोक चौकशीला आले, फरारी म्हणून लिहून गेले. म्हणून पाचव्या फोटोखाली ओळ नाही. म्हणून दोन मरणे. लाजेपायी. मी उगाच खुनाचा संशय घेतला.

पुतण्याने, म्हणजे जयाबाईंच्या वडिलांनी, मरेपर्यंत घरात सर्वांना बजावले. येतो म्हणू नका, या म्हणू नका. का, ते मी विचारले. इतकी वर्षे कोणीच या का म्हणाले नाही? दोन अक्षरेसुद्धा नव्हेत, एकच. सुटला असता की माणूस.

जयाबाई पणतीची वात करत होत्या. वात तुटली. म्हणाल्या की त्यांच्या खेळात तसेच होते. काका "येतो" म्हणायचे. पोराने "या" म्हटले की पाळी पोराची. मग काका परत येईपर्यंत पोराने ओसरी सोडायची नाही.

मी म्हणालो, तो खेळ होता.

त्या म्हणाल्या, व्हय, खेळच की.

विक्रम अण्णा म्हणाले की ऋतिका बोलायला लागली आणि दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला "या" म्हणायला शिकली, तेव्हा तिला आजोळी ठेवली. लेकरू कधीतरी म्हणणारच. आता आणता येईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यांचा राग आला नाही. आता येतो आहे.

उद्या सकाळी निघणार. सामान बांधले.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल सकाळी पिशवी घेऊन काही न बोलता निघालो. अंगण ओलांडले. काजूच्या झाडापर्यंत गेलो हे नक्की आठवते. मग मी खोलीत होतो. हातात ब्रश. ब्रशला रंग.

पुन्हा निघालो. पुन्हा खोलीत.

मागच्या दाराने गेलो. नव्या घरातून, स्वयंपाकघरातून, परड्यातून. परड्यात पाऊल ठेवले ते ओसरीवर पडले.

ताप आला असेल. जयाबाईंनी भाताची पेज दिली, दिवस असताना. डोळ्याला डोळा भिडवला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दिवेलागणीला ओसरीवर बसलो होतो. जयाबाई पणती घेऊन आल्या. आणि माझे तोंड उघडले. मी उघडले नाही.

"येतो."

माझाच आवाज. आज्ञा घेतल्यासारखा.

जयाबाईंनी पणती टाकली आणि कान झाकले. विक्रम अण्णा दारात होते. ओरडले, "तुम्ही बी? आता तुम्ही बी?" मी हात जोडले. म्हणालो, अण्णा, एकदा या म्हणा. एकदाच. ते मागे मागे सरकत गेले आणि आतले दार लावून घेतले. कडी घातल्याचे ऐकू आले.

रात्री खानापूरला फोन झाला. ऋतिकाला आणायचे नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जयाबाई शपथ घेऊन म्हणतात की असे होईल हे ठाऊक नव्हते. माझा विश्वास नाही. वात तुटली होती.

मी सगळ्यांना मागितले. दूधवालीला म्हणालो. तिला गावात सगळे ठाऊक आहे. ती चरवी तिथेच टाकून पळाली. विक्रम अण्णा कानांत कापूस घालून कामावर जातात.

पण दिवसा मी मागितलेले काही चालत नाही बहुतेक. दिवेलागणीचेच खरे. तेव्हा जो या म्हणेल तो —

ओसरीवर मी बसतो तिथे ओल उमटते. माझ्या कपड्यांना मीठ.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आक्काचा फोन. माझा आवाज असा का येतोय विचारले. बरा आहे म्हणालो. काम वाढले आहे म्हणालो. तू येऊ नकोस म्हणालो. हे म्हणायला नको होते. मी आजवर तिला कधी येऊ नकोस म्हटलेले नाही.

ती म्हणाली, "काय झालंय सांग, न्हायतर मी निघाले बघ."

सांगितले असते तर ती आत्ताच निघाली असती. नाही सांगितले, तर सकाळी निघेल.

ती दारात "ये" म्हणते. तिला कोणी शिकवले नाही. श्वास घेतल्यासारखे म्हणते.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपार. आक्का आली आहे.

मला बघून रडली. म्हणाली, किती वाळलास, आणि अंगाला हा कसला वास. जयाबाईंशी भांडली. पोराला काय केलंसा, म्हणाली. पिशवी माझी तिनेच भरली. हात धरून ओढले. काजूपर्यंत गेलो. मग तिच्या हातात माझा हात नव्हता. तिने मागे बघितले. मी ओसरीवर.

तिला पटेना. दोनदा केले.

सगळे सांगितले. येतो, या, पाळी. ती ऐकत होती, पण डोके माझे फिरले आहे अशी बघत होती. कपाळावर हात ठेवला. म्हणाली, दवाखान्यात जाऊ, गाडी बोलावते.

मी म्हणालो, आक्का, तू निघ. उन्हे आहेत तोवर निघ. ती म्हणाली, तुला घेतल्याशिवाय न्हाय.

नंतर

गाडी आली नाही. गाव ऐकून ड्रायव्हर नाही म्हणाला.

जयाबाई आतून बाहेर येत नाहीत. दाराच्या फटीतून बघतात. विक्रम अण्णा खिडकीत आहेत. ते आक्काला काही सांगत नाहीत. मी हाक मारली, अण्णा, तिला घेऊन जा, मोटरसायकलवर बसवा. ऐकू येत नाही असे दाखवतात. कानांत कापूस आहे. तो नसता तरी —

त्यांना वाटत असेल, आक्काने उत्तर दिले तर ऋतिकाला कधी द्यावे लागणार नाही. आक्का इथे राहिली तर मी सुटेन, आणि मग आक्का — पाळी कोणाची तरी असणारच. मग त्यांना आक्का चालेल. कोणीही चालेल. घरातले सोडून.

मला वाटते मलाही —

नाही. हे लिहायचे नव्हते. खोडत नाही. खरे आहे म्हणून खोडत नाही. घरी जावेसे वाटते.

उन्हे भिंतीवरून वर सरकली.

तोंड बांधून घेतले. रंगाच्या फडक्याने, दोन गाठी. आक्काने सोडले. पुन्हा बांधले. तिने पुन्हा सोडले, मारले मला, लहानपणी मारायची तसे, आणि मिठी मारून बसली.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे धरले. जा.

निघणाऱ्याला आमच्यात कोणी जा म्हणत नाही. मेलेल्यालासुद्धा नाही म्हणत. तिने वाचले. बराच वेळ वाचत राहिली. तिचे ओठ हलले. मला वाटले, आता रागाने उठेल. उठेल आणि निघेल.

तिने कागदाची घडी घातली आणि ओसरीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "मी कुठं जात न्हाय. तू बोल काय बोलायचं ते. मी हाय हितं."

आक्का, ऊठ

सावली दारापर्यंत

आत काडेपेटी वाजली. जयाबाई पणती का लावताहेत? गुरुवारपासून लावली नाही, आज का? आज नको. ओरडायला तोंड उघडावे तर —

उघडायचे नाही. दात दाबून धरले. रक्ताची चव. मिठाची.

दार उघडले. उजेड आला. आक्का माझ्याकडे बघते आहे. हसून बघते आहे, भिऊ नकोस म्हणून. माझे ओठ

आक्का, काही म्हणू नको काहीही म्हणू